स्वयंपाकघराची खिडकी शेवटी

चक्रीवादळ संध्याकाळी सातच्या सुमाराला धडकणार, असं रेडिओवर सकाळपासून घोकत होते. मी साडेदहाला बाबांच्या दारात गाडी लावली तेव्हा ते शिडीवर होते. वय एकोणऐंशी. खाली शिडी धरायला कुणी नाही. मी गाडीतल्या गाडीत पर्समधून वही काढली आणि त्या दिवसाची पहिली ओळ लिहिली: एकटेच शिडीवर चढले.

वही डॉक्टरबाईंनी सांगितलेली. "काय विसरतात, कधी विसरतात, ते लिहून आणा. मोघम नको," असं त्या म्हणाल्या होत्या. सोमवारी त्यांच्याकडे जायचं होतं. मी अठरा वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आहे, त्यामुळे मोघम लिहायचं म्हटलं तरी मला जमत नाही. महिन्यातून एकदा मी बाबांना दवाखान्यात नेते. ते पुढे माझ्या शेजारी बसतात आणि माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवतात. आई होती तेव्हा पुढची सीट तिची असायची, कारण तिला गाडी लागायची, आणि बाबा मागे गुडघे दुमडून बसायचे. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

तेव्हापासून बाबा या घरात एकटे होते आणि शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंचे मला येणारे फोन वाढत चालले होते. कधी दुपारभर नळ वाहत राहिला, कधी बाबा बाजारात जाऊन कशाला आलो ते आठवत उभे राहिले. माझा थोरला भाऊ, दादा, परदेशात असतो आणि फोनवर फार कर्तबगार आहे. त्याने आदल्या दिवशी मला बजावलं होतं, "वादळाचं आयतं निमित्त आहे. बाबांना तुझ्याकडे घेऊन जा आणि आता परत पाठवू नकोस. घराचं पुढे काय ते मी बघतो." घराचं बघतो म्हणजे विकतो, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तरी मी हो म्हटलं होतं. बाबांना मात्र मी दोन दिवसांचं सांगितलं होतं.

"आलीस? नटांचा डबा दे," बाबा शिडीवरून म्हणाले.

बाबा सुतार. घराला नऊ खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या मापाची एक जाड फळी त्यांनी कापून मागच्या शेडमध्ये उभी करून ठेवलेली. चौकटीत चार-चार बोल्ट कायमचे बसवलेले. फळी त्यांच्यात अडकवायची आणि हाताने फिरवायचे नट आवळायचे. खिळा एकही नाही, कारण सुताराने स्वतःच्या घराला खिळे ठोकणं म्हणजे डॉक्टरने अंगारा लावणं, असं त्यांचं मत. फळ्यांच्या पाठीवर लाल रंगात आकडे. लहानपणी वादळ येणार म्हटलं की दादा फळी उचलायचा आणि मी डबा धरून मागतील तसे चार-चार नट द्यायची. आई आत असायची. आत ती काय करायची ते मी कधी पाहिलं नव्हतं.

मला शिडी धरायची होती, पण बाबांनी मला अंगणातल्या कामाला लावलं. मी कुंड्या भिंतीच्या आडोशाला नेऊन आडव्या केल्या. कपड्यांची दोरी सोडली. पाण्याची टाकी काठोकाठ भरली, कारण रिकामी टाकी आधी उडते. पन्हाळीतला पालापाचोळा हाताने उपसला, खुर्च्या आणि बादल्या शेडमध्ये कोंबल्या आणि शेडच्या कडीला तार गुंडाळली. काकू त्यांच्या घरून भिंतीपाशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नेतेयस ना या वेळी? चांगलं करतेयस. माझ्या जिवाला घोर लागून राहतो गं." त्या खरंच बोलत होत्या. मी मान हलवली आणि त्यांना हवी होती ती दोरी दिली.

अधूनमधून वहीत भर पडत होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी, आज वार कोणता म्हणून विचारलं. पावणेबाराला पुन्हा वार विचारला. बाराच्या पुढे मला आत्याच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली नाही तेव्हा चिडले. जेवताना चष्मा शोधत होते, तो कपाळावर होता. असं माझंही होतं, पण मी लिहिलं.

पाच नंबरची फळी मात्र बसेना. मी डावीकडून रेटून पाहिली, उजवीकडून पाहिली.

"तिचा खालचा कोपरा फुगलाय," बाबा म्हणाले. "गेल्या वेळचं पाणी प्यायलीय. आधी वरचे दोन नट लाव, मग गुडघ्याने दाब."

मी दाबली. फळी मुकाट्याने बसली. हे मी वहीत लिहिलं नाही, कारण डॉक्टरबाईंनी विसरण्याचं विचारलं होतं.

जेवणानंतर बाबा जरा आडवे झाले तेव्हा मी त्यांची मोठी बॅग भरली. चार शर्ट, चार पायजमे, औषधं. मग स्वेटर, घराच्या कागदांची फाइल, आईचा फोटो, आणि कपाटाच्या तळाशी असलेले दिवाणखान्यातल्या घड्याळाचे जादा सेल. सेल का घेतले ते मला सांगता येणार नाही. डिकी लावून मागे वळले तर बाबा दारात उभे.

"दोन दिवसांना स्वेटर?"

"पावसाने गारठा पडतो."

"हं," ते म्हणाले आणि सहा नंबर आणायला शेडकडे गेले. खोटं बोलताना माझे कान तापतात. तेव्हाही तापले, आणि बाबांनी ते माझ्या लहानपणापासून पाहिलेले आहेत.

तीनच्या पुढे सात नंबर लागली. वारा एव्हाना अंगाला जाणवण्याइतका झाला होता. आम्ही दोघंही दमलो होतो, म्हणून मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात दादाचा फोन आला. बाबांच्या कानावर नको म्हणून मी गाडीत बसून बोलले. घराला गिऱ्हाईक जवळजवळ नक्की आहे, तू सोमवारी डॉक्टरांकडून तेवढा कागद घे, बाबांना एकटं ठेवणं बरं नाही असा, म्हणजे पुढची कामं सोपी होतील, असं तो सांगत होता. मी वहीतल्या ओळी त्याला वाचून दाखवल्या. "झालं तर मग," तो म्हणाला. त्याला समाधान वाटलं. मी वही मिटली.

फोन संपेपर्यंत बाबांनी आठव्या फळीला हात घातला होता. ती मी त्यांच्याबरोबर लावली. एवढ्यात रस्त्यावरून भोंगेवाली गाडी गेली. पूल पाच वाजता बंद होणार, पलीकडे जाणाऱ्यांनी त्याआधी निघावं. माझं घर पुलापलीकडे, आणि सव्वाचार झाले होते. पुलापर्यंत पंधरा मिनिटं लागतात. आता राहिली होती एकच फळी, स्वयंपाकघराची, नऊ नंबर. बाबांनी ती आणून खिडकीखालच्या भिंतीला टेकवली आणि ते हात मागे बांधून उभे राहिले.

"उचलू या ना, बाबा?"

"थांब. अजून ठोकलं नाही."

मला क्षणभर अर्थ लागेना, मग लागला. आमच्या घरची रीत होती. स्वयंपाकघराची खिडकी शेवटी. बाकी सगळं घर अंधारलेलं असलं तरी त्या एका खिडकीच्या उजेडात आई आतलं आवरायची, आणि आवरून झालं की चमच्याने खिडकीच्या गजावर दोनदा ठोकायची. मग बाबा फळी चढवायचे, आणि आई काळोखातून चाचपडत बाहेर यायची. अकरा पावलं आणि उंबरठा, असं ती म्हणायची.

"कोण ठोकणार आहे?" मी विचारलं.

"आत कोण असतं?" बाबा वैतागून म्हणाले.

मी वही काढली आणि लिहिलं: ४.२०, आई आत आहे असं समजून थांबले. डॉक्टरबाई हीच ओळ अधोरेखित करणार, हे मला दिसत होतं. दादाला हवा असलेला कागद या एका ओळीवर मिळाला असता.

"बाबा, आई नाहीये आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मला माहीत आहे."

"मग?"

"ठोकल्याशिवाय फळी चढत नाही."

वाऱ्याने काकूंच्या पत्र्यावर काहीतरी आपटलं. माझं डोकं फिरलं. पूल बंद झाला असता तर आम्ही दोघं या घरात अडकलो असतो, आणि हा माणूस हात मागे बांधून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची वाट बघत होता. मी वाकून एकटीनेच फळी उचलायला गेले. बाबांनी तिच्यावर तळवा ठेवला. त्या हातात अजून एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"चढवायची नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"बरं. ठोकते मी," मी म्हटलं आणि पाय आपटत आत गेले. दोनदा ठोकायचं, बाहेर यायचं, निघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरात काळोख होता, आणि पॅसेजमध्ये करपल्याचा वास. स्वयंपाकघरात एका खिडकीचा उजेड पडलेला, आणि ओट्यावर शेगडी चालू. माझं चहाचं आधण. पाणी केव्हाच आटलेलं, भांडं आतून काळं, बुडाशी लाल. दांडा वितळून एका बाजूला लोंबत होता आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर हात पुसायचं फडकं पडलेलं. आम्ही ती फळी लावून, कुलूप घालून, पूल ओलांडून गेलो असतो.

मी शेगडी बंद केली, मग सिलिंडर बंद केला. मग स्टुलावर बसले. सव्वातीनचं आधण. एक तासाच्या वर ते जळत होतं, आणि त्या वेळात मी गाडीत बसून बाबा काय काय विसरतात ते वाचून दाखवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

मग मी उठले आणि आई जे करत असावी ते केलं. फ्रीज रिकामा करून प्लग काढला. मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला. नळ घट्ट केले. ओट्याखालचं पीठ आणि साखर वरच्या फळीवर ठेवली. मागच्या दाराची कडी लागलेली नव्हती, ती लावली. ती मीच सकाळी कुंड्या हलवताना काढली होती. घराची आतली बाजू माझी, असं आई म्हणायची तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं.

चमचा खिडकीशेजारी खुंटीला लटकत होता. मी गजावर दोनदा ठोकलं.

बाहेरून फळी वर आली. उजेड खालून वर कापत गेला आणि संपला. नट फिरल्याचा आवाज आला, एक, दोन. मी भिंतीला हात लावून चालायला लागले. माझी पावलं आईच्या पावलांपेक्षा लांब असावीत, उंबरठा दहाव्यालाच लागला आणि मी ठेचकाळले.

बाबा चौथा नट आवळत होते. "गॅस?"

"चालू होता. मी चहाचं ठेवलं होतं."

"हं," ते म्हणाले. "म्हणून तर थांबायचं." आणि हात झटकून शिडी आडवी करायला गेले. त्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी डिकी उघडली, मोठी बॅग काढली, तिच्यातले दोन शर्ट, दोन पायजमे आणि औषधं एका पिशवीत घातली आणि बाकी सगळी बॅग, स्वेटर, फाइल आणि फोटोसकट, आत नेऊन कॉटवर ठेवली. बाबा दारातून बघत होते.

"राहू दे म्हणतेस?"

"दोन दिवसांना कशाला," मी म्हटलं. "परवा येऊ फळ्या काढायला."

"पाचवी आधी काढायची. नाहीतर अजून फुगेल."

"बरं."

त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. दादाचा फोन वाजला, तो मी उचलला नाही. बऱ्याच महिन्यांनी मला हलकं वाटत होतं. सोमवारी डॉक्टरबाईंना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. वार विसरतात, पण घर विसरत नाहीत. नावं चुकतात, पण काम चुकत नाही. मी वही दाखवणार होते आणि शेवटच्या ओळीच्या खाली माझं आधणही लिहिणार होते.

पाचला वीस मिनिटं होती. मी स्टिअरिंगवर बसले. बाबांनी मागचं दार उघडलं आणि गुडघे दुमडून आत बसले. पाय लांब करायचे असतील म्हणावं, तर मागे तेवढी जागा नव्हती.

"पुढे या ना, बाबा."

"नको," ते म्हणाले. "तुझी पर्स उचल तिथली. आईला गाडी लागते."

मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर घराकडे बघत होते, कामं वेळेत उरकलेल्या माणसासारखे निवांत. बॅग आत कॉटवर होती आणि किल्ली त्यांच्या खिशात. मी शेजारच्या सीटवरची पर्स उचलली, वही तिच्यातच होती, आणि ती मागे त्यांच्या हातात दिली. मग वाकून पलीकडचं दार एकदा उघडलं, पुन्हा नीट लावलं आणि गाडी सुरू केली.