फाटलेला बास

गाड्यांत साउंड सिस्टिम बसवायचं दुकान बहीण-भावाचं होतं. दादा काउंटरवर बसून विकायचा, धाकटी बहीण मागच्या शेडमध्ये बसवायची. तिला सगळे बारकीच म्हणत. दोघं कामापुरतं बोलत, तेही तुसडेपणानं.

त्या दुपारी व्हॅनवाला तणतणत आला. त्याचा नवाकोरा सबवूफर, बासचा मोठा स्पीकर, मुका झाला होता. बारकीनं तो बाहेर काढून कोन, म्हणजे समोरचा पडदा, हलकेच दाबला. आत खरखरलं, जळका वास आला.

"आतली तारेची कॉइल जळलीय."

"कुणी जाळली तेही सांग," दादा म्हणाला. "वायरिंग हिचं, साहेब. मी फक्त माल दिला."

बारकीनं दात-ओठ खात व्हॅनमधल्या ॲम्प्लिफायरकडे पाहिलं. आवाजाचा जोर वाढवणारा गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला होता. तिनं तो निम्म्याच्याही खाली ठेवला होता.

"हा कुणी फिरवला?"

व्हॅनवाला दादाकडे बघत पुटपुटला, "बासला दम नाही म्हटलं, तर यांनीच..."

"अगं, वूफर अडीचशे वॉटचा, ॲम्प्लिफायर दोनशेचा!" दादा उसळला. "छोट्यानं मोठा जळेल कसा? डोकं घरी ठेवून आलीस का?"

"दोनशे, आवाज साफ असेपर्यंत. गेन पिळला की आवाज फाटतो, आणि मग तोच डबा जवळपास दुप्पट ताकद ढकलतो. सगळी धग कॉइलला. मी म्हटलं होतं, चारशेचा दे, गेन खाली ठेवते. पण तुला पडून राहिलेला माल खपवायचा होता."

"गिऱ्हाइकासमोर जीभ आवर. बाबांनी कीव येऊन तुला इथं घेतलं, विसरू नकोस."

बारकीनं व्हॅनमधला तो ॲम्प्लिफायर सोडवून उचलला आणि दारातल्या दादाच्या गाडीकडे गेली. तिथं तसलाच वूफर होता, दादानं स्वतः हौसेनं बसवलेला. जुना ॲम्प्लिफायर काढून तिनं हा जोडला. गेन शेवटपर्यंत पिळला, आत बसून दारं लॉक केली आणि आवाज चढवत नेला.

काचा थरथरल्या. बास आधी घुमला, मग खोकल्यासारखा फाटला.

"बंद कर! बंद कर म्हणतो ना!" दादा काचेवर मुठी आपटत होता. त्याच्या नजरेला नजर देऊन ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं धूर निघाला आणि बास बंद पडला.

ती उतरली. "हे वायरिंग तुझं होतं."

दादा एवढंच म्हणाला, "चालती हो."

व्हॅनवाल्याला त्यानं निमूटपणे दुसरा वूफर आणि चारशेचा ॲम्प्लिफायर बसवून दिला. बारकीला मात्र शेड बंद झाली. आई म्हणाली, "तो मोठा आहे, तू माफी माग."

"आधी त्याला मागू दे," बारकी म्हणाली. कुणीच मागितली नाही.

ती दुसऱ्या गॅरेजात लागली. आपण खरं तेच दाखवलं याबद्दल तिला तसूभरही शंका नव्हती. वाईट वाटायचं ते त्या वूफरचं. चांगला होता बिचारा. पुढं आईच्या आजारपणात भावंडं हॉस्पिटलच्या एकाच बाकावर बसली, मध्ये आईची पिशवी. डॉक्टरांचं बोलणं दादानं ऐकून घेतलं आणि नर्सला म्हणाला, "त्या बाईंनाही सांगा."

"ऐकू आलंय," बारकी भिंतीकडे बघत म्हणाली.