सासूबाईंची चोविसावी वही

मुळ्याचा रस्सा उकळायला लागला तेव्हाच युनोकने ठरवून टाकलं, की आज बोलायचं. जेवणाआधी आणि सगळ्यांसमोर. चार वर्षं ती "पुढच्या वर्षी बघू" म्हणत आली होती, आणि पुढचं वर्ष काही यायचं नाव घेत नव्हतं.

आज सासऱ्यांची पुण्यतिथी. अंगणातली युजाची लिंबं पिवळी झाली की हा दिवस यायचा, घरातली चार माणसं बैठ्या टेबलाभोवती जमायची आणि युनोक प्रार्थना म्हणायची. तिची प्रार्थना अख्ख्या गोहुंग तालुक्यात नावाजलेली. घरभरणी असो की मयत, लोक चर्चच्या पाळकांच्या आधी हिला निरोप धाडायचे. बाई अशी बोलायची की दगडाला पाझर फुटावा. आणि तिच्या स्वतःच्या आत आता थेंब उरला नव्हता.

पण खरी गोची पुण्यतिथीची नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्यात त्यांनी तिचा हात धरून वचन घेतलं होतं. "माझी वेळ आली की पाळकबिळक नको. तू हात धर आणि तूच प्रार्थना म्हण. तुझ्या आवाजावर मी जाईन." युनोक हो म्हणाली होती. तेव्हाही तिचा विश्वास नव्हता, तरी हो म्हणाली. आज ते वचन मोडायचं होतं. वय वर्षं शहाऐंशी असलेल्या बाईला दिलेलं वचन. आणि त्या बाईला या देवाच्या दारात ओढत नेलं होतं कुणी, तर हिनेच.

एकतीस वर्षांपूर्वी युनोक चर्चला जायला लागली. नव्याचे नऊ दिवस असतात, हिचे नऊशे झाले. एका दुपारी तिने कपाटातून पितरांच्या नावांच्या लाकडी पाट्या काढल्या, अंगणात रचल्या आणि काडी लावली. श्राद्धाची पितळी भांडी भंगारवाल्याला दिली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. शेवटची पाटी, नवऱ्याच्या नावाची, त्यांनी छातीशी धरली होती. "द्या आई," युनोक म्हणाली, "देव एकच आहे." त्यांनी दिली. मग तीन दिवस त्या जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी उठल्या, केस विंचरले आणि म्हणाल्या, "चल, दाखव तुझा देव."

त्यांना अक्षरओळख नव्हती. भांडी आवरून झाली की युनोक बायबलचं पान उघडायची, त्यांचं बोट अक्षरावर ठेवायची. अशा त्या पंचावन्नाव्या वर्षी वाचायला शिकल्या. आता रोज सकाळी त्यातली दोन पानं हाताने उतरवून काढायच्या. तेवीस वह्या भरल्या होत्या. चोविसावी कालच आणली होती.

युनोकचा विश्वास काही वीज पडून गेला नाही. कुणी गेलं नाही, घर बुडालं नाही. चार वर्षांपूर्वी एकदा पहाटेच्या प्रार्थनेला ती नेहमीसारखी डोळे मिटून बसली आणि तिला कळलं, की पलीकडे कुणी नाही, आपण आपल्याशीच बोलतोय. तिने वाट पाहिली. उपास केले. डोंगरावरच्या प्रार्थनाघरात जाऊन आठ दिवस रडली. काही नाही. तोंड मात्र चालू राहिलं, सवयीने. मग या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या सुरिमचं चार वर्षांचं पोर तापाने गेलं. युनोक तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "देवाची इच्छा होती गं." सुरिमने डोळे वर केले. "काकू, तुम्हाला हे खरंच माहीत आहे?"

"माहीत आहे," युनोक म्हणाली.

घरी येऊन तिने साबण लावून हात धुतले, तीन वेळा धुतले. आयुष्यात बरंच वेडंवाकडं केलं होतं तिने, पण इतकं उघडंनागडं खोटं कधी बोलली नव्हती. परवा ती सुरिमकडे जाऊन सांगून आली, "मला माहीत नव्हतं. मी खोटं बोलले." सुरिमने दार लावून घेतलं. तेही बरोबरच होतं. काल पाळकांना सांगून झालं. आता घर उरलं होतं.

टेबलावर तळलेले मासे आले, नेच्याची भाजी आली, रस्सा आला. धाकटा दीर मानसू बुसानहून आला होता. चर्चशी त्याचा उभा दावा. दर वर्षी प्रार्थनेच्या वेळी तो डोळे उघडे ठेवून माशाकडे बघत बसायचा.

"अगं, सुरू कर," नवरा म्हणाला. गिलसूला रस्सा कढतच लागायचा.

युनोकने हात मांडीवर ठेवले. "मी प्रार्थना म्हणणार नाही. आज नाही, पुढेही नाही. माझा देवावर विश्वास राहिलेला नाही. चार वर्षं झाली. चार वर्षं मी तुमच्यासमोर नाटक करत आले. ते आजपासून बंद."

"थकली आहेस तू," गिलसू म्हणाला. "पाळकांना बोलावू या, ते समजावून..."

"त्यांना कालच सांगून आलेय, अहो."

मानसू हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "वा वहिनी. सुंठीवाचून खोकला गेला. आता तेवढी आमची पितळी भांडी परत आणा. आणि बाबांची पाटी."

"भांडी आणता येतील. पाटी येणार नाही, ती मी जाळली. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या अकलेने जाळली. चुकले, भावजी." आणि तिने जमिनीला डोकं टेकवलं. मानसू एकतीस वर्षं या वाक्याची वाट बघत होता. आता ते मिळालं, तर त्याचं काय करायचं हे त्याला सुचेना. तो आपला कपातलं पाणी पीत राहिला.

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "माझ्या हातातून पाटी घेतलीस, तेव्हा काय म्हणाली होतीस?"

"देव एकच आहे."

"आणि आता?"

"आता मला वाटतं, एकही नाही."

"म्हणजे एवढी वर्षं मी भिंतीशी बोलले?"

"तुमचं मला माहीत नाही, आई. मी भिंतीशी बोलत होते. मला माझ्यापुरतंच सांगता येतं."

"आधी घरातून पितरांना हाकललंस. आता देवाला हाकलतेस. उद्या माझा नंबर."

मानसूला जोर आला. "आई, मग पुढच्या वर्षीपासून बाबांचं पान वाढू, पूर्वीसारखं."

"तू गप रे. माझा देव म्हणजे काय हिने विणलेला स्वेटर आहे, हिला वाटलं की उसवावा? विणला असेल हिने. घातला मी. आता तो माझ्या अंगाचा झालाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि माझ्या वेळेला? वचन दिलं होतंस."

गिलसू डोळ्यांनी विनवत होता, हो म्हण, एकदाच हो म्हण. किती सोपं होतं. तिला सुरिमचं दार आठवलं.

"हात धरीन. शेवटपर्यंत सोडणार नाही. पण प्रार्थना म्हणणार नाही. जाताना तुमच्या कानात मला खोटं घालायचं नाही."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दार सरकवून घेतलं.

"एवढं तरी हो म्हणायचं होतंस," गिलसू पुटपुटला. "तेव्हा तिला काय कळणार होतं?"

"मला कळलं असतं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. माफी मागायला दाराशी गेली असती, तर तिथे हो म्हणून बसली असती. स्वतःला ती चांगली ओळखून होती. रस्सा गार झाला, माशांवर तेल थिजलं.

बऱ्याच वेळाने दार सरकलं. सासूबाईंच्या हातात कोरी वही होती, पेन्सिल होती, नाकावर चष्मा. त्यांनी टेबलावरचे मासे बाजूला सारले.

"दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवलं, तर ते वाचणाऱ्याचं होतं का गं?"

"नाही."

"मग वाचणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. माझी प्रार्थना मी लिहून ठेवते. तू नुसती वाच. कानाला तुझ्या आवाजाची सवय झालीय, या वयात दुसरा कुठून आणू?"

यात कुठे खोटं लपलंय का, हे युनोकने मनात उलटंपालटं करून पाहिलं. सापडलं नाही. "वाचीन," ती म्हणाली. "पण आमेन म्हणणार नाही."

"ते मी म्हणेन. मला नाहीच जमलं तर हा मानसू म्हणेल. इतकी वर्षं प्रार्थनेचे मासे फुकट खाल्लेत त्याने."

मग त्या लिहायला बसल्या. एकेक अक्षर दाबून, जीभ दातात धरून. तिघं बघत होते. पाच ओळी झाल्यावर त्यांनी वही फिरवून युनोकपुढे सरकवली. "वाच, जमतंय का बघू."

युनोकने वाचलं. "देवा, हे वाचणारी माझी सून आहे. तुझ्यावर तिचा विश्वास नाही. पण मला अक्षर तिनेच शिकवलं, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. तिने माझा हात धरलाय. तो तिच्या हातात आहे तोवर मला घाई करू नकोस."

शेवटच्या ओळीला तिचा आवाज फाटला.

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या. "रडत वाचलेलं मला नीट ऐकू येत नाही."

तिने बाहीने डोळे पुसले आणि पहिल्यापासून वाचलं, शांतपणे, एकही शब्द न गिळता. ओळी संपल्या तिथे ती थांबली आणि तोंड मिटून बसली.

"आमेन," सासूबाई म्हणाल्या, आणि रस्सा गरम करायला भांडं तिच्या हातात दिलं.