नव्या व्हर्जनचे पैसे

घड्याळजींच्या पत्राला पुस्तककाकांनी उत्तर पाठवले नाही, याला दीड वर्ष होत आले होते. उत्तर लिहिलेच नाही असे मात्र नाही. कितीतरी वेळा लिहिले. पण पहिल्या परिच्छेदात ते ॲम्प्लिफायरच्या कारखान्याची बाजू मांडत, दुसऱ्या परिच्छेदात त्यांना घड्याळजींचे पटू लागे, आणि तिसऱ्यात त्यांची गाडी रुतून बसे.

पत्र तसे साधेच होते. लिहिणारे गृहस्थ घड्याळे विकणारे आणि दुरुस्त करणारे. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर त्यांनी साठवलेल्या पैशांतून कारखान्याचा सगळ्यात भारी ॲम्प्लिफायर घेतला. आत छोटा कॉम्प्युटर असलेला, इंटरनेटवरची गाणी थेट वाजवणारा. काही महिन्यांतच त्याच्या पडद्यावर अक्षरे उमटली: ‘नवे व्हर्जन लवकरच. आवाज आणखी सुधारेल. वेगळे पैसे पडतील.’

घड्याळजींनी लिहिले होते, ‘तुमच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर वाचले की हे यंत्र सर्वांगाने पूर्ण करूनच तुमच्या हाती देत आहोत. मी घड्याळ विकले की सेकंदकाटा मागाहून, वेगळे पैसे घेऊन बसवत नाही. म्हणून विचारतो. मी घेतले ते पूर्ण होते की अपुरे? पूर्ण असेल तर सुधारायचे काय राहिले? आणि अपुरे असेल तर तसे सांगितले का नाही?’

पुस्तिकेतले ते वाक्य काकांचे होते. कारखान्याच्या प्रत्येक यंत्राबरोबर जाणारी पुस्तिका तेच लिहीत, म्हणून तर सगळे त्यांना पुस्तककाका म्हणत. कारखान्याचे जुने मालक त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते यंत्रे बनवायचे आणि काका त्यांना शब्द द्यायचे. मित्र गेला, त्याची मुलगी गादीवर बसली, आणि काकांचे काम तसेच चालू राहिले. एवढ्या वर्षांत पुस्तिकेवरून कुणी त्यांना एक अक्षर लिहिले नव्हते. पुस्तिका कुणी वाचतच नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि त्या खात्रीचा त्यांना मोठा आधार होता. घड्याळजींनी तोही काढून घेतला.

‘लवकरच’ या शब्दाचा त्या कारखान्यातला अर्थ दीड वर्ष असा निघाला. अखेर एके सकाळी मालकीणबाईंचा फोन आला.

“काका, व्हर्जन तयार आहे. उद्या पडदा लावतोय. या, ऐका आणि चार ओळी लिहून द्या. गिऱ्हाइकांना पाठवायच्यात.”

“पैसे घेणार?” काकांनी हळूच विचारले.

“नाही, वाण म्हणून वाटणार!” ती म्हणाली. “अहो काका, दोन माणसं दीड वर्ष डोकं फोडतायत. त्यांचा पगार काय आभाळातून पडतो? हे पैसे आले नाहीत तर दाढीला तरी निरोप द्यावा लागेल मला. आणि तो गेला की तुमच्या त्या घड्याळजींचं यंत्र बंद पडल्यावर बघणार कोण?”

दाढी म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारा मुख्य माणूस. खरे तर त्याने दाढी कधीच काढून टाकली होती, पण नाव चिकटले ते चिकटले.

“पण घड्याळजी म्हणतात...”

“घड्याळजींना विचारा, घड्याळाला तेल घालायचे पैसे घेता की नाही!”

हेही काकांना पटले. रात्री जेवताना त्यांनी ते बायकोला सांगितले, तर ती म्हणाली, “तुम्हाला भांडणारी दोन्ही मांजरं गरीब वाटतात. एकीला तरी हाकला.”

पडदा ही जुन्या मालकांची रीत. कानाला कळल्याशिवाय कागदावर यायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. ऐकण्याच्या खोलीत जाड गालिचा, भिंतींवर लोकरीच्या चौकटी, आणि एका टोकाला काळा पडदा. पडद्यामागे एकसारखे दोन ॲम्प्लिफायर, एकात जुने व्हर्जन, दुसऱ्यात नवे. पुढे खुर्च्यांवर तीन माणसे. तोच तुकडा आधी एकावर, मग दुसऱ्यावर वाजायचा. जास्त चांगला कोणता, ते बोटांनी सांगायचे, तोंड उघडायचे नाही, म्हणजे एकाचे ऐकून दुसऱ्याने होयबा व्हायला नको.

त्या दिवशी मालकीणबाई, हिशेब सांभाळणारे अण्णा आणि काका असे तिघे बसले. मागे दाढी कळ फिरवत होता. एका बाईच्या आवाजातले संथ गाणे लागले. मग तेच पुन्हा लागले, आणि काकांना वाटले, कुणीतरी खिडकीची काच पुसली. त्यांनी दोन बोटे वर केली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले तर बाकीच्या दोघांचीही दोनच बोटे. क्रम बदलून पुन्हा पुन्हा ऐकवले, तरी तिघांनी दर वेळी नवे व्हर्जनच उचलले.

“लिहा काका!” मालकीणबाई उठून उभीच राहिली. “आवाज सुधारला!”

अण्णांनी चहा मागवला. काकाही खूश होते. सुधारणा खरी असेल तर पैसे मागण्यात काय वावगे? आता घड्याळजींनाही लिहिता येईल.

घरी येऊन त्यांनी चार ओळींचा मजकूर तयार केला, मग त्याला पर्याय म्हणून आणखी एक. दोन्ही कागद घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बायको नळाखाली भांडी विसळत होती.

“ऐक जरा. कोणता बरा ते सांग.”

त्यांनी एक वाचून दाखवला. नळाच्या आवाजात आपले बोलणे बुडते आहे असे वाटून दुसरा घसा खाकरून वाचला.

“दुसरा,” ती मागे न बघताच म्हणाली. “पहिला अगदीच मेंगळट. दुसऱ्यात कसं, सगळं नीट कळतंय.”

काकांना समाधान वाटले. कोणता शब्द एवढा उपयोगी पडला ते बघावे म्हणून त्यांनी हातातल्या कागदावर नजर टाकली. मग दुसरा कागद शोधला. तो घडी करून खिशातच राहिला होता. त्यांनी तोच मजकूर दोनदा वाचला होता.

“अगं, दोन्ही एकच होते.”

“काहीतरीच. पहिला तर ऐकूसुद्धा येत नव्हता धड,” ती म्हणाली आणि एकदम हसत सुटली. “अहो, दुसऱ्यांदा तुम्ही ओरडून वाचलंत!”

काका हसले नाहीत. ते तसेच, घरातल्या चपलांवर, बाहेर पडले.

“दाढी, पडद्यामागे आवाज सारखा होता का रे?” कारखान्यात पोचताच त्यांनी धापा टाकत विचारले.

“म्हणजे काय काका! दोन्हीकडे बेचाळीसवर. मी स्वतः लावला.”

“आकडा बेचाळीस होता. आवाज?”

दाढीने मीटर आणून स्पीकरच्या तारांना लावला. नवे व्हर्जन नखभर मोठे वाजत होते. दोष कुणाचाच नव्हता. मोठे सूर फाटू नयेत म्हणून जुन्या व्हर्जनमध्ये सगळाच आवाज किंचित खाली ठेवलेला होता, आणि नव्यात ते काम वेगळ्या रीतीने केल्याने तशी गरज उरली नव्हती. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा मात्र तोच. आणि नखभर मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, गोड वाटतो. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. जुने मालक असते तर मीटर लावल्याशिवाय त्यांनी खुर्चीला पाठ टेकली नसती. पण आता यंत्रावरच आकडा दिसतो म्हटल्यावर मीटर कोण काढतो?

मीटरने बरोबरी करून पडदा पुन्हा लावला. या वेळी बोटांचा नुसता बाजार झाला. अण्णा एक म्हणत तेव्हा काका दोन. मालकीणबाईने तर बहुतेक वेळा जुनेच उचलले.

“डोंबल माझं!” ती खुर्चीतून उठली. “दीड वर्ष घालून तुम्ही फक्त आवाज मोठा केलात?”

“नाही ताई,” दाढीचा चेहरा पडला होता. “दोन गाण्यांच्या मध्ये टक असा आवाज यायचा तो काढला. आणि मुख्य म्हणजे खोलीचं काम केलं.”

“कसलं खोलीचं?” काकांनी विचारले.

“यंत्राला छोटा माइक लावायचा. ते तुमची खोली ऐकतं. कुठल्या कोपऱ्यात आवाज घुमतो, कुठे गिळला जातो ते बघून आपलं आपण सावरून घेतं. पण ते इथे बंद ठेवलं होतं. या खोलीत सावरायला आहे काय?”

काका क्षणभर घुटमळले. आपले म्हणणे मूर्खपणाचे तर ठरणार नाही ना, असे त्यांना नेहमीसारखेच वाटले.

“मग आपण आजाऱ्याचं औषध पैलवानाला पाजून बघितलं म्हणायचं,” ते पुटपुटले.

मालकीणबाईने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. मग ती म्हणाली, “उचला रे. पॅकिंगच्या खोलीत चला.”

पॅकिंगची खोली म्हणजे वर पत्रा, खाली फरशी, आणि तीन बाजूंना रिकामी कपाटे. तिथे शिंकले तरी दोनदा ऐकू येई. यंत्रे खोक्यांच्या भिंतीआड ठेवली. या वेळी मालकीणबाईने मीटर स्वतः हातात धरला. तेच संथ गाणे लागले. आधी ती बाई विहिरीत बसून गात होती. मग कळ फिरली आणि ती वर येऊन समोर उभी राहिली. कितीही वेळा अदलाबदल केली तरी बोटे चुकेनात.

“हे विका,” काका म्हणाले. स्वतःचा ठाम आवाज ऐकून ते जरा दचकलेच.

“आणि बाकीचं?”

“ते टक आपली चूक होती. चुकीचे पैसे कसे मागायचे?”

“चुकीलाही मेहनत लागते हो काका,” दाढी कळवळून म्हणाला. “ते टक काढायला तीन महिने गेले माझे!”

“घालायला किती लागले होते?” अण्णांनी विचारले. सगळे हसले, दाढीसुद्धा.

“‘आवाज सुधारेल’ हे मात्र मला लिहिता येणार नाही,” काका म्हणाले. “आणि ज्यांना नको असेल त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर रोज उठून आठवण नको.”

“एकदा तरी सांगू द्याल की नाही?”

“एकदा सांग.”

मालकीणबाई खोक्यावर बसली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली. “नुसता आवाज सुधारायची आशा असलेले गेले. उरले वाईट खोल्यांवाले.” तिने वर पाहिले. “बरं, जगात वाईट खोल्या काय कमी आहेत? माझ्या नणंदेचा हॉल म्हणजे नुसता हंडा आहे. दाढी, यंदा तरी राहतोयस तू. पुढच्याचं पुढे बघू.”

“सगळंच फुकट दिलं असतं तर लोकांनी दुवा दिला असता,” अण्णा म्हणाले.

“दुव्यावर पगार काढून दाखवा, अण्णा, मग देते.”

काकांना तिचेही पटले आणि अण्णांचेही. पण या वेळी त्याचा त्रास झाला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र लिहायला घेतले, आणि ते तिसऱ्या परिच्छेदाच्या पुढे गेले.

‘उत्तराला फार उशीर झाला. तुमचा प्रश्न अवघड होता आणि मी भित्रा आहे. “पूर्ण” हा शब्द माझा. तो मी जरा उदार हाताने वापरला. तुमच्या यंत्रात दोन गाण्यांच्या मध्ये टक असा आवाज येतो, तेवढे ते अपुरे होते. ती आमची चूक. तिची दुरुस्ती सर्वांना फुकट मिळेल. “आवाज आणखी सुधारेल” असे आम्ही सांगितले होते, ते मागे घेतो. आम्ही नीट ऐकले, सुधारलेला नाही. तुमच्याकडे आहे तो जितका चांगला आहे तितकाच राहील.

‘एक नवे काम मात्र झाले आहे. यंत्र आता खोलीप्रमाणे आवाज सावरून घेते. त्याचे पैसे आम्ही घेणार आहोत, कारण ते तुम्हाला विकलेल्या वस्तूत नव्हते आणि ते करणाऱ्या माणसांना घर चालवायचे आहे. त्याला घड्याळाचा गजर समजा. ज्याला हवा त्याने बसवून घ्यावा. ज्याला नको, त्याच्या घड्याळाने वेळ दाखवणे थांबवता कामा नये, एवढी जबाबदारी आमची. खोली चांगली असेल तर पैसे घालवू नका, हे मी मालकीणबाईंना विचारून लिहीत आहे. हे न्याय्य आहे असे मला वाटते. तुम्हाला तसे वाटले नाही तर जरूर लिहा. पुढचे उत्तर लवकर देईन.’

सकाळी भाजी आणायला निघाले तेव्हा बायको मुद्दाम टपालपेटीच्या बाजूने वळली. काकांनी पाकीट अर्धे आत सरकवले आणि तसेच धरून ठेवले. मागून एक बाई आपले पाकीट घेऊन येऊन थांबली.

“आता काय?” बायकोने विचारले.

“‘भित्रा आहे’ हे काढायला हवं होतं का गं? परक्या माणसाला...”

“खरं आहे ना?”

“आहे.”

“मग राहू दे,” ती म्हणाली, आणि तिने त्यांच्या बोटांवर बोट ठेवून पाकीट आत ढकलले.