पान एकवीसवरची आकृती

कांद्याच्या मुळाच्या टोकातली ती पेशी दुभंगत होती, आणि तिच्यातलं एक गुणसूत्र मागे राहिलं होतं. बाकीची दोन झुबक्यांनी दोन टोकांना पोचली होती. हे एकटंच मधोमध, किंचित तिरकं, एका बाजूला बाक आलेलं. कादंबरी परबनं मायक्रोस्कोपचा स्क्रू न हलवता ते तीनदा पाहिलं. मग टू-एच पेन्सिलीनं बायोलॉजीच्या जर्नलच्या एकविसाव्या पानावर जसंच्या तसं काढलं. काचेखाली मूळ चिरडताना शेजारच्या पेशीची कड त्यावर चढली होती, तीही काढली.

परळच्या त्या ज्युनिअर कॉलेजात असं कुणी करत नसे. बारावी सायन्सची जर्नलं आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलांवरून उतरवायची, हीच रीत. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा तो मॅडम जवळून जाताना. कधीतरी कुण्या मुलीनं घाईत दोन्ही टोकांना सोळा-सोळाऐवजी चौदा-चौदा गुणसूत्रं काढली असणार. तेव्हापासून सगळ्यांच्या कांद्यात चौदाच होती, आणि चौदाला बिनबोभाट सही मिळत होती.

कादंबरीच्या पानाला मिळाली नाही.

"हे काय काढलंयस?" प्रधान मॅडमनी विचारलं.

"दिसलं ते."

"बोर्डाच्या एक्झामिनरला ते दिसणार नाहीये ना गं. त्याला पुस्तकातली आकृती हवी. पान बदल, नवीन काढ."

"नाही बदलणार, मॅडम."

मागच्या बाकावरून विनीत म्हणाला, "ए, दे इकडे, मी काढतो. चौदा-चौदा, दोन मिनिटांत होम डिलिव्हरी." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. सव्वीस वर्षांत त्यांना दांडगट मुलं पुष्कळ भेटली होती. इतक्या हळू आवाजात नाही म्हणणारी ही पहिलीच.

"सोमवारी आईला घेऊन ये. तोवर जर्नल माझ्याकडे."

जर्नल मॅडमकडून पास झालं नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कादंबरीची आई, सीमा, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. रक्ताच्या स्लाइड्स करायच्या, तपासायच्या, आकडे भरायचे. रिपोर्टवर सही मात्र डॉक्टरची. आपल्या मुलीनं त्या सहीच्या जागेवर बसावं, एवढंच तिला हवं होतं. गिरणीतून रिटायर झालेले आजोबा, अप्पा, त्यात आपली भर घालत. "चेडवा, तू डॉक्टर झालंस काय पयलो माझो गुडघो बघ," असं ते लालबागच्या त्या दोन खोल्यांत दिवसाआड म्हणत.

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत कादंबरीला ए ग्रेड मिळाली होती. त्याचे दहावीत सात गुण वाढले, ते सात घरात सगळ्यांना पाठ होते. तिनं काय काढलं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं. दर रविवारी ती गिरगावात एका सरांकडे ड्रॉइंगला जाई, तेही घरी चालून जाई, कारण त्यानं बायोलॉजीच्या आकृत्या सुधारतात. आपल्याला अप्लाइड आर्टला जायचंय, हे तिला दहावीच्या निकालादिवशीच सांगायचं होतं. मग अकरावीच्या प्रवेशाला. मग दिवाळी झाल्यावर. दरवेळी आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं विषय बदलला होता.

सोमवारी आईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "कांद्यासाठी रजा! लॅबमधल्या बाईंना कारण काय सांगू मी?" जिना चढताना तिचा पट्टा चालूच होता. "एक पान गं. एक पान काढायला तुझं काय जातं?"

"खोटं काढायचं असेल तर मायक्रोस्कोप कशाला ठेवलेत?"

"शहाणी आहेस. आत तोंड बंद ठेव."

मॅडमनी जर्नल उघडून पुढ्यात सरकवलं. आई आधी माफी मागणार होती, तसं तोंडही उघडलं तिनं. पण नजर पानावर गेली आणि ती थबकली. "स्लाइड आहे का हो अजून?"

होती. कादंबरीनं तिच्या कडा नेलपॉलिशनं बंद करून ठेवल्या होत्या. आईनं पर्स टेबलावर ठेवली, मायक्रोस्कोपचा आरसा उजेडाकडे वळवला आणि वाकली. डोळा न हलवता तिनं स्क्रू हळूच मागेपुढे केला. खाली गाडीवाला शहाळी तोडत होता.

"मॅडम," आई म्हणाली, "हे खरंच मागे राहिलंय. बाकही तसाच आहे."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतः पाहिलं. मग एका टोकाचा झुबका पेन्सिलीच्या टोकानं कागदावर मोजला. "सोळा," त्या पुटपुटल्या. "आणि मी इतकी वर्षं चौदावर सह्या करत्येय." त्यांनी लाल पेन काढलं, एकविसाव्या पानावर सही केली, तारीख घातली. कादंबरीला वाटलं, सुटले.

"सीमाताई, काय नजर आहे हो हिची! ही मुलगी पॅथॉलॉजीतच जायला हवी. लिहून देते मी."

आईचा चेहरा असा उजळला की कादंबरीनं तो तसा कधी पाहिला नव्हता. "माझंही तेच स्वप्न आहे, मॅडम. मेडिकलच्या नीट परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटोसुद्धा काढून आणलेत. आज घरी गेलो की भरूनच टाकतो. हो ना गं?"

मॅडम हसून तिच्याकडे बघत होत्या. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. कादंबरीला कळलं, की आता नुसती मान हलली तरी ती पुढची दहा वर्षं हलवत राहावी लागेल. पानासाठी ती चार दिवस अडून बसली होती; स्वतःसाठी दीड वर्षांत एकदाही नाही.

तिनं आईचा हात पाठीवरून काढला, पण सोडला नाही.

"नाही, आई. मी तो फॉर्म भरणार नाही. अप्लाइड आर्टच्या सीईटीचा भरलाय. मी डॉक्टर होणार नाही, मी चित्रं काढणार आहे."