हातोडी खाल्लेली साखरपेटी

मित्रांनो, माझ्या अंगावर हातोडीचे सात पोचे आहेत. मोजायचे तर मोजा, पण जरा हळू हात लावा. मी एक जुनी वीजपेटी आहे. माझ्या पोटात साखरेचे पातळ पाणी ओतले की वीज तयार होते आणि त्याच साखरेचे सौम्य आम्ल बनते.

सरबताच्या कारखान्यातल्या रसायनवाल्या ताईने मला घडवले. पत्रा कापला, ठोकला, भोके पाडली; म्हणजे जन्मतःच मी मार खाल्ला. पण पुढची चार वर्षे मी तोऱ्यात काढली. बाटल्या विसळलेले गोड पाणी प्यायचे, खोलीतला दिवा लावायचा आणि माझ्या आम्लाने त्याच बाटल्यांवरचा क्षारांचा पांढरा थर काढून द्यायचा. बाटल्या धुणाऱ्या मावशी सहसा कुणाला चांगले म्हणत नसत, मला म्हणायच्या.

एके सकाळी मालक मला पाहायला येणार होते. दिवा लख्ख लागला तर मी राहणार, नाहीतर भंगारात जाणार. ताईचा धाकटा भाऊ आमचा फिटर. डोक्याने तापट, पण बहिणीवर जीव टाकणारा. त्याला वाटले, जितकी साखर तितका उजेड. ताई मालकांना घ्यायला फाटकावर गेल्याबरोबर त्याने माझ्यात घट्ट पाक ओतला. माझ्या बारीक नळ्या तुंबल्या आणि दिवा विझला.

त्याचे डोकेच फिरले. आधी लाथ बसली, मग हातोडी. "लाग म्हणतो ना! ताईची सगळी मेहनत मातीत घालतेस?" स्क्रू उडाले, कड फाटली, आम्ल फरशीवर सांडले. फार दुखले मित्रांनो, आणि मला ओरडता येत नाही. सात घाव झाले. आठव्याला ताई धावत आली आणि मला झाकायला तिने हात मधे घातला.

हातोडी थांबली नाही. ताईची दोन बोटे चेचली गेली.

"अरे, तिला पाणी हवं होतं. नुसतं पाणी," ताई कशीबशी म्हणाली. भावाने हातोडी टाकून दिली.

मालकांनी मला भंगारात काढले. भावाने मला तिथून उचलून घरी नेले. आता तो रोज माझ्या नळ्या कोमट पाण्याने धुतो आणि चमच्याने मोजून पातळ साखरपाणी देतो. दिवा मिणमिणतो. त्या उजेडात तो ताईच्या बोटांना तेल चोळत बसतो. ती वळत नाहीत.

मित्रांनो, काही बंद पडले तर हातोडी उचलण्याआधी त्याला काय हवे होते तेवढे पाहा. माझे सात पोचे भाऊ कधीही ठोकून काढील. आठवा माझ्या अंगावर नाही.