गुऱ्हाळातली बिननावाची बरणी

मित्रांनो, मी एक जुना द्रव आहे. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत उरलेला. दिसायला पाण्यासारखा, हाताला जरा तेलकट, वासाला मंद गोडसर. माझं कारखान्यातलं नाव कोअलेसिंग सॉल्व्हंट. नाव जड असलं तरी काम सोपं आहे.

पाण्यात कालवलेल्या रंगात बारीक कण तरंगत असतात. रंग लावला की पाणी उडून जातं आणि कण मागे राहतात. ते एकमेकांना चिकटले तरच रंगाचा अखंड थर बसतो. थंडीत मात्र ते कडक होतात आणि एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग रंगाला भेगा पडतात, भुकटी झडते. मी त्या कणांना मऊ करून जोडतो. बेसनाच्या लाडवात तूप करतं तेच काम. फरक एवढाच, की तूप लाडवातच राहतं आणि मी काम झालं की हळूहळू हवेत निघून जातो. तसं जाणं मला आवडतं. या बरणीतल्या मला ते मिळालं नाही.

अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला पोलादी पिंपात भरलं आणि पिंपावर ठळक नाव लिहिलं. खाली सूचना होत्या. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा, खिडक्या उघड्या ठेवा, झाकण घट्ट लावा, आगीपासून लांब ठेवा, गटारात ओतू नका, पोटात जाऊ देऊ नका. त्या सूचनांचा मला कधी राग आला नाही. अंगात गुण असला की वेसणही लागतेच.

तिथून मी व्हरमाँटच्या डोंगरातल्या रंगाच्या एका लहानशा कारखान्यात आलो. तिथे वेंडेल कॉर्बिन मला हाताळायचा. फार शिस्तीचा माणूस. मोज्यांशिवाय मला शिवायचा नाही. रंगाच्या टाकीत मला बारीक धारेने सोडायचा आणि ढवळणं चालूच ठेवायचा, कारण मला भसकन ओतलं तर अख्खी टाकी दुधासारखी नासते. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

पण हा शहाणपणा तो कारखान्याच्या खुंटीवर टांगून घरी जायचा. त्या वर्षी थंडी लवकर आली आणि मेपलच्या झाडांचा गोड रस आटवायच्या त्याच्या गुऱ्हाळाची दारं रंगवायची राहिली होती. मालकाला विचारून त्याने मला थोडं घरी नेलं, बहिणीच्या फडताळातल्या एका रिकाम्या बरणीतून. दारांना लाल रंग चढला, आठवड्यात बर्फ पडलं, पण रंगाला एक भेग गेली नाही. शेजारी दारावरून हात फिरवून वेंडेलची तारीफ करून गेले. माझं नाव कुणी काढलं नाही. असो.

मी उरलो. वेंडेलने झाकण लावलं आणि मला गुऱ्हाळातल्या फळीवर ठेवलं. सोमवारी परत न्यायचं, असं तो पुटपुटला होता. बरणीवर काही लिहिलं नाही. आपल्याला ठाऊक आहे ना, मग झालं. नंतर बर्फाने दारच बुजलं आणि तो मला साफ विसरला.

मार्च उजाडला. झाडांना रस सुटला, चुलाण पेटलं, काहिलीवर रस आटू लागला. गुऱ्हाळ वाफेने इतकं भरलं की समोरचा माणूस दिसेना. काहिलीपाशी वेंडेलची थोरली बहीण आर्लीन उभी होती. काकवी व्हायला आली की रसाला फेस चढतो आणि आवरला नाही तर उतू जाऊन काहील करपते. म्हणून इथली माणसं एका बरणीत खायचं तेल ठेवतात. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची डहाळी त्यात बुडवायची आणि फेसाला लावायची. फेस बसतो. आर्लीनचा हात त्या बरणीकडे न बघता जायचा. तेलाची बरणी हुबेहूब माझ्यासारखी होती.

त्या दिवशी शेजारपाजारची मंडळी आली होती. गरम काकवी बर्फावर ओतायची, ती गोठली की काट्याने गुंडाळून खायची, सोबत डोनट आणि आंबट काकडी. पोरं बाहेर ताटांत बर्फ दाबून तयार बसली होती. डोनटची परात ठेवायला कुणीतरी फळीवरच्या बरण्या सरकवल्या. तेल मागे गेलं आणि मी पुढे आलो.

फेस चढू लागला. आर्लीनचा हात आला. झाकण निघालं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझा वास तरी यावा, एवढीच माझी धडपड होती, पण काकवीच्या घमघमाटात माझा वास कुणाला येणार? डहाळी माझ्यात बुडली, वर गेली आणि फेसाला लागली. फेस बसला. आर्लीनने समाधानाने मान हलवली आणि काकवीचं भांडं भरून बाहेर पाठवलं.

तेवढ्यात वेंडेल रसाच्या बादल्या घेऊन आत आला. त्याची नजर फळीवर गेली. माझं झाकण उघडं होतं, डहाळी ओली होती.

"आर्लीन, तू यातलं घातलंस?"

"मग कशातलं घालू? तेल आहे ते."

वेंडेल बादल्या तिथेच टाकून बाहेर धावला. आर्लीनची नात ओडेट काटा तोंडाशी नेत होती. वेंडेलने काटा हिसकला आणि ताटं लाथेने उलथी केली. ओडेटने भोकाड पसरलं. एक शेजारीण त्याच्यावर धावून गेली.

"कुणी खाल्लं का? आधी ते सांगा," वेंडेल म्हणाला. "ती रंगाची बरणी आहे. मी ठेवली होती."

कुणी खाल्लं नव्हतं. ते कळल्यावर मागोमाग बाहेर आलेली आर्लीन वेंडेलकडे वळली.

"बरणीवर एक शब्द लिहायला हात झडला होता का रे तुझा?" ती म्हणाली.

अख्खी काहील वाया गेली. वेंडेलने ती ओढ्यात सोडली नाही, पिंपात भरली. चूक केली, पण तिच्यावर दुसरी चूक चढवली नाही, हे मी सांगितलंच पाहिजे.

काहील घासून पुढच्या रविवारी पुन्हा काकवी केली. मी त्या पिंपाशेजारी, अंगणात उभ्या ट्रकमध्ये होतो, दुसऱ्या दिवशी घातक कचरा जमा करतात तिथे जायला. अंगावर माझं नाव होतं, आर्लीनच्या ठसठशीत अक्षरात. पोरं पुन्हा बर्फाभोवती बसली. ओडेटने काट्याला काकवी गुंडाळली आणि तशीच थांबली. आजीला ती मेमेर म्हणायची. मग तिच्याकडे वळून म्हणाली,

"मेमेर, यात ते नाही ना?"

वेंडेल पुढे आला, ओडेटसमोर गुडघे टेकून बसला आणि तिच्या ताटातली काकवी आधी स्वतः खाल्ली. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वर्षानुवर्षं त्याच्या हातचं ती न विचारता खात आली होती.

मित्रांनो, मी वाईट नाही. पण बरणीतून मला बोलता येत नाही. मला दुसऱ्या भांड्यात ओताल तेव्हा माझं नावही सोबत द्या. खाण्याच्या भांड्यात तर मला कधीच ठेवू नका. काहिली घासून पुन्हा भरता येतात. त्या रविवारी ओडेटने काकवी खाल्ली, पण विचारून खाल्ली.