उन्हात ठेवलेला पंख

मी विमानाचा एक जुना पंख आहे. पण मित्रांनो, मी कधी उडालेलो नाही. डिंडोलीतल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मी पडून असतो.

मला सुपडूभाऊंनी हलक्या लाकडातून घडवलं. ते भेस्तानला कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला आहेत आणि सुटीच्या दिवशी खरोखर उडणारी छोटी विमानं बनवायचा त्यांना नाद आहे. मी जरा वाकडा निघालो. माझ्या जागी दुसरा पंख बसला आणि माझ्या नशिबी रंगाची परीक्षा आली.

माझ्या अर्ध्या अंगाला लाल रंग लावला, अर्ध्याला पिवळा. त्यांच्या लेकीला, हर्षदाला, विमान लाल हवं होतं. पण रंग उन्हाने तडकला, तर इंजिनाचं तेल लाकडात मुरणार आणि वर्षभराची मेहनत मातीत जाणार. म्हणून मिलमध्ये कापडाचा रंग तपासतात तसंच माझं केलं. दिवसभर ऊन, संध्याकाळी तेलाचा हात, मग पांढऱ्या फडक्याने घासणं. फडकं पांढरंच राहिलं.

"लाल पास!" भाऊ ओरडले.

त्यांची आई मालतीबाई तिथेच पापड वाळत घालत होत्या. "पास व्हयीच ना," त्या कौतुकाने म्हणाल्या. "उनमा तपे बिचारा, म्हणीसन मी रोज लुगडं झाकू त्यावर."

भाऊंनी कपाळावर हात मारला. "व माय, त्याले तपाडाकरताच ठेयेल व्हता!"

लुगडं गेलं. मालतीबाईंना माझ्याजवळ यायची बंदी झाली. ते बरोबरच होतं, पण मला 'बिचारा' म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं. मला फार एकटं वाटलं.

मग लाल रंग फुगला, तडकला, सोलून निघाला. अंगाची नुसती आग आग झाली. पिवळा मात्र तसाच चकचकीत राहिला. भाऊंनी मला उचलून हर्षदाला दाखवलं. "पाह्य बेटा, लाल लावता ते गयं व्हतं इमान!" तिने नाक मुरडलं, पण ऐकलं. मला तिथेच ठेवून दोघं रंगकामाला खाली पळाली.

परवा ते पिवळं विमान मागच्या मैदानातून उडालं आणि घरघरत माझ्या डोक्यावरून गेलं. खाली टाळ्या वाजल्या. माझाच रंग, मी लगेच ओळखला. त्याने मला ओळखायचं काही कारण नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही हातून काही छान घडेल. ते आधी ज्याच्यावर करून पाहिलंत, त्याला विसरू नका. परीक्षा संपली, एवढं तरी त्याला सांगा. मी अजून उन्हातच आहे. मला कुणी सांगितलेलं नाही.